फ्लेक्सची खालची ओळ

बावीस मार्च, रविवार. साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या होत्या. ऊन चढायच्या आत गच्चीवर गेले, तर अंथरायची जुनी चादर वाऱ्याने टाकीमागे जाऊन पडलेली आणि कबुतरांनी तिची वाट लावलेली. बदलापूरला नगरपालिकेची निवडणूक झाली की आमच्या सोसायटीला एक फायदा होतो. उतरवलेले फ्लेक्स वॉचमन मागून आणतो आणि गच्चीवर रचून ठेवतो. कोणी सिमेंटच्या गोण्यांवर टाकतं, कोणी स्कूटरवर. मी त्यातला एक उलगडला, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, वर प्लास्टिकचा कागद पसरला आणि पळीने पापड्या टाकायला लागले. कागद पारदर्शक होता. खालून आमच्या गावचे पुढारी भाऊ हात जोडून माझ्याकडे बघत होते. ‘दणदणीत विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन.’ थोड्या वेळाने भाऊंच्या कपाळावर एक पापडी झाली, दोन्ही गालांवर दोन झाल्या, आणि मला गुप्तेबाई आठवल्या.

त्यांची आठवण मला प्रेमाने येत नाही, हे आधीच सांगून टाकते. दात दुखायचा थांबला म्हणावं आणि गार पाण्याने पुन्हा कळ यावी, तशी येते.

सुमन गुप्ते आमच्या कंपनीच्या कंपनी सेक्रेटरी होत्या. आम्ही पत्र्याचे डबे करतो, रंगाचे आणि तेलाचे. मालक दादा परसराम यांनी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एका गाळ्यात धंदा सुरू केला, मग अंबरनाथच्या एमआयडीसीत कारखाना टाकला आणि उतारवयात कंपनी शेअर बाजारात आणली. पैशाचं खातं सुरुवातीपासून माझ्याकडे. पण शेअर बाजारात नाव लागलं की नुसता मालक पुरत नाही. बोर्ड लागतं, बाहेरचे संचालक लागतात, सभेत काय ठरलं ते कायद्याच्या भाषेत लिहून ठेवायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे गुप्तेबाई.

उंच बाई. कांजी केलेल्या सुती साड्या, आणि त्या साड्यांना संध्याकाळपर्यंत एक सुरकुती नसे. माझी साडी दुपारी जेवणाच्या सुट्टीतच हार मानायची. आपण हुशार आहोत हे त्या मुळीच लपवत नसत. ‘मला कळतं गं हे,’ असं सरळ म्हणायच्या, जसं कोणी म्हणेल की मला पोहता येतं. लोकांना ते आवडायचं. मी तसं म्हटलं असतं तर शिष्टपणा झाला असता.

त्यांची सभेतली सवय सगळ्या ऑफिसला माहीत होती. त्या शाईच्या पेनाने टिपणं घ्यायच्या. एखादा ठराव त्यांना पटला नाही की वाद घालायच्या नाहीत. पेनाला टोपण लावायच्या आणि पेन कागदावर आडवं ठेवायच्या. टक्, एवढा आवाज. बोर्डातले सगळे पुरुष थांबायचे. दादा विचारायचे, “क्या हुआ, गुप्ते?” मग त्या बोलायच्या. मी अर्धा तास आकडे मांडून जे मिळवायचे, ते या बाईला टोपण लावून मिळायचं.

दुसरी सवय फ्लेक्स वाचायची. कंपनीची गाडी त्यांना अंबरनाथच्या शिवमंदिराकडच्या घरून घ्यायची. कारखान्याचा सरळ रस्ता सोडून त्या ड्रायव्हरला मुद्दाम बाजारातून, चौकाचौकातून न्यायला लावायच्या. कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड, कोणाला शुभेच्छा. काच खाली करून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून वाचायच्या. मला वाटायचं, बाईंना टाइमपास आहे.

“मोठे फोटो बघायचेच नसतात, नीला,” मला एकदा म्हणाल्या. “मोठा फोटो कोणाचा ते सगळ्या गावाला माहीत असतं. खालची ओळ बघायची. शुभेच्छुक. कोण नवीन आलं, कोण गेलं, कोण टोकाला सरकलं. आणि फोटोखाली स्वतःबद्दल काय लिहिलंय ते.”

“त्याचा आपल्या डब्यांशी काय संबंध?”

“व्याजाचा दर तुला बँक सांगते. वेळेचा दर नगरपालिका सांगते. तो कुठल्या कागदावर छापून येत नाही, इथेच येतो.”

कर्ज कधी काढायचं, मशीन कधी घ्यायचं, जागा कुठे बघायची, हे आकड्यांवर ठरतं असं मी शिकले होते आणि मला ते चांगलं जमत होतं. दादा माझा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, “नीला, तेरा हिसाब पक्का है. पण गुप्ते काय म्हणते?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे त्यातला ‘पण’ येण्याआधीच मी फाईल मिटून घ्यायचे.

यातला सगळ्यात मोठा हिसाब चामटोलीचा. अंबरनाथची जागा अपुरी पडत होती. बदलापूरच्या पुढे चामटोलीकडे जमीन मिळत होती, स्वस्त आणि सपाट. मी योजना तयार केली: कर्ज किती, फेडायला किती वर्षं, नवी लाईन कधी पैसा द्यायला लागेल. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, आजही आहे. परवानग्या आणि पाण्याची जोडणी लवकर मिळवून द्यायचा शब्द भाऊंनी दिला होता. हेच भाऊ, ज्यांच्या गालावर काल मी पापड्या घातल्या.

जमीन बघायला मी आणि गुप्तेबाई गेलो. मी रस्त्याची रुंदी बघत होते, विजेची लाईन किती लांब आहे ते बघत होते. बाई एका घराच्या ओट्यावर वाल सोलत बसलेल्या आजीशेजारी जाऊन बसल्या आणि स्वतःही सोलायला लागल्या.

“ही समोरची जमीन कोणाची हो, आजी?”

“आमचीच हाय की. पोरांनी इसार घेतलाय नुसता.”

“मग तिच्यावर ती पाटी कोणाची?”

“पाटी भाऊंची हाय,” आजी म्हणाली. “भाऊ हायेत तवर पाटी हाय.”

परत निघालो. बदलापूर गाव ओलांडताना गणपती मंडळाचा मोठा फ्लेक्स लागला होता. त्यांनी गाडी थांबवली. नेहमी सगळ्यात वर असणारे भाऊ त्यात कुठेच नव्हते, खालच्या ओळीतसुद्धा नाही. बाईंनी काच वर केली.

पुढच्या सभेत माझी योजना आली आणि टक्. दादांनी विचारलं तर म्हणाल्या, “परवानगी कंपनीला मिळत नाहीये दादा, भाऊंच्या ओळखीला मिळतेय. ओळख बदलली तर कर्ज आपलं आणि माळ पण आपला. आचारसंहिता लागून उठू दे, मग बघू.”

ती निवडणूक भाऊ हरले; पुन्हा निवडून आले ते थेट यंदा. त्यांच्या शब्दावर ज्यांनी तिकडे जमिनी घेतल्या त्यांच्या फायली कुठल्या टेबलाखाली गेल्या देव जाणे, कुंपणात गवत वाढलं. ऑफिसात सगळे म्हणाले, गुप्ते मॅडमनी कंपनी वाचवली. कोणापासून वाचवली हे कोणी मोठ्याने म्हणालं नाही. मला ऐकू आलं.

बाई नेहमी बरोबर असायच्या असं मुळीच नाही. डब्यांवर छपाई करायचं मशीन घ्यायचं होतं तेव्हा त्यांनी थांबायला लावलं. निवडणुकीच्या तोंडावर सरकार उद्योगांना सवलत जाहीर करणार, त्या आधी घेतलं तर सवलत हुकेल, असं त्यांचं वाचन. सवलत आलीच नाही. उलट मशीन महाग झालं आणि एक मोठं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. मी वाट बघत होते. आता दादा काय बोलतात? दादा हसले. “गुप्ते, तेरा फ्लेक्सवाला झूठा निकला!” बाई पण हसल्या. दोघांनी चहा मागवला. संपलं.

माझ्या हातून एकदा कापलेला कर भरायला उशीर झाला होता, दंड किरकोळ होता, आणि दादा दर दिवाळीला मिठाईचा डबा हातात देताना म्हणायचे, “टॅक्स टाइम पे भर देना हां, नीला.” आता सांगा.

देणगीची गोष्ट तर डोळ्यांसमोर घडली. भाऊंचे चांगले दिवस होते तेव्हाची. त्यांच्याकडून निरोप आला की मंडळाला कंपनीची ‘मदत’ व्हावी, आणि ती रोख असावी. दादा घाबरले. “दे दो ना, झंझट नको.” मी किरकोळ खर्चात कुठे बसवता येईल ते बघायलाही लागले होते. गुप्तेबाईंनी ऐकलं आणि मला म्हणाल्या, “चल, पर्स घे.”

भाऊंचं ऑफिस माणसांनी भरलेलं. मला खुर्चीच्या काठावर बसायला मिळालं. बाई मात्र लग्नाला आल्यासारख्या ऐसपैस बसल्या.

“भाऊ, द्यायला काहीच हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “बोर्डात ठराव करते, चेक काढते आणि वार्षिक अहवालात छापते, कोणाला दिले आणि कशासाठी. सगळे शेअरहोल्डर वाचतील.”

“छापायचं कशाला मॅडम?”

“कायदाच तसा आहे. फोटो छापता येत नाही, तेवढंच वाईट वाटतं.”

खोलीत कोणीतरी खोकलं. भाऊ असे हसले की पोट हललं. “मॅडम, तुम्ही आमच्याकडे या कामाला,” म्हणाले. मसाला दूध पाजलं. पुन्हा निरोप आला नाही.

गाडीत बसल्यावर बाई म्हणाल्या, “बघितलंस? नाही म्हणावंच लागलं नाही.” मी खिडकीबाहेर बघत होते. भाऊंनी मला नमस्कारसुद्धा केला नव्हता. मला नकोच होता त्यांचा नमस्कार. तरीही.

आणि मग ती खुर्ची. शेअर बाजारातल्या कंपनीच्या बोर्डावर एक तरी बाई हवी, असा नियम आहे. आमच्याकडे आधी सगळे पुरुषच. दादांच्या मनात सून होती. “कविता बैठेगी, सही करेगी.” गुप्तेबाईंचं टोपण लागलं. “घरातली बाई म्हणजे घरातलीच सही, दादा. मग बोर्ड कशाला, जेवणाच्या टेबलावरच ठरवा.”

सून मागे पडली. कंपनीत वरच्या जागी आम्ही दोघीच बायका. बाईंना ती खुर्ची नको होती, त्यांनी आधीच सांगितलं होतं. म्हणजे उरले मी. खोटं कशाला, नवी साडी घेऊन ठेवली होती मी. घरी सांगितलं नव्हतं, पण नवऱ्याने ओळखलं होतं.

दादांनी बाहेरच्या एका निवृत्त बाईंना आणलं. मी केबिनमध्ये जाऊन विचारलं, दादा, मी का नाही? दादा सरळ माणूस. म्हणाले, “मैंने तो तेरा नाम लिया था. गुप्ते बोली, नीला अच्छी है, हुशार है, लेकिन वो तुमको कभी ना नहीं बोलती.”

मी तडक बाईंच्या खोलीत गेले. त्या डबा खात होत्या.

“तुम्ही माझ्याबद्दल असं बोललात?”

“हो,” त्यांनी घास संपवला. “खोटं आहे का?”

“माझं काम आकडे देणं. ना म्हणणं तुमचं.”

“तेच म्हणाले मी. अगं, तुझे आकडे आहेत म्हणून मला माणसांकडे बघायला वेळ मिळतो, हेही म्हणाले. ते नाही सांगितलं दादांनी?”

“नाही.”

“मग त्यांना विचार. मेथीची भाजी घे, आज छान झालीय.”

मी भाजी घेतली नाही. माझ्याबद्दलचं चांगलंही त्यांनीच बोलायचं, वाईटही त्यांनीच, आणि दोन्ही खरं असायचं, याचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. दारातून बाहेर पडताना वास आला. भाजी खरंच छान झाली असणार.

बाई निवृत्त झाल्या. मग दादा गेले. कंपनी त्यांच्या मुलाकडे, हरेशकडे आली. बाहेरच्या बाईंची मुदत संपली तेव्हा हरेशने मला बोलावलं. “मॅडम, अब आप बैठो बोर्ड पे. तुमच्यावर पूर्ण भरोसा आहे.” मी ती साडी काढली, नेसले आणि जाऊन बसले. ‘पूर्ण भरोसा’ म्हणजे काय, यावर मी फार विचार केला नाही. गुप्तेबाईंनी केला असता.

शेवटच्या दिसल्या त्या गेल्या वर्षी, शिवमंदिराजवळ, महाशिवरात्रीच्या जत्रेच्या आदल्या दिवशी. रस्त्यावर पाळणे जोडत होते, प्रसादाच्या दुकानांचे बांबू पडले होते, आणि त्या सगळ्यात स्वागताच्या एका फ्लेक्ससमोर बाई उभ्या. हातात काठी आली होती. साडी तशीच कडक. चष्मा शेंड्यावर, मान वर, ओठ हलत होते. खालची ओळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाचणं चाललं होतं. मागून रिक्षावाला ओरडला, “ओ आजी, बाजू!” तर त्याच्याकडे न बघता त्यांनी काठीने त्यालाच थांबायची खूण केली, आणि तो थांबला. मी कंपनीच्या कामाला निघाले होते, गाडी हळू झाली होती. काच खाली करून हाक मारता आली असती. पण त्यांनी विचारलं असतं, “बोर्डावर बसलीस म्हणे?” मला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं. दिवाळीआधी त्या गेल्या. हरेशने ऑफिसच्या ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकलं.

तर काल गच्चीवर. पापड्या संपत आल्या होत्या आणि फक्त खालची पट्टी मोकळी उरली होती. पळी भरून वाकले तर पट्टीवर शुभेच्छुकांची ओळ. छोटे छोटे गोल फोटो. कोणी गॉगल लावलेला, कोणी फोन कानाला धरलेला. उजवीकडून तिसरा आमचा हरेश. फोटोखाली नाव आणि नावाखाली, दुर्बीण लागणार नाही अशा ठळक अक्षरांत: ‘भागीदार, चामटोली ग्रीन डेव्हलपर्स’.

पळी मी पातेल्यात ठेवली. सोमवारी सकाळी बोर्डाची सभा होती. पहिलाच विषय: नव्या कारखान्यासाठी चामटोलीची जमीन घेणे व त्यासाठी कर्ज. विकणारे: चामटोली ग्रीन डेव्हलपर्स. आकडे माझे, तेच जुने, नव्या व्याजदराने पुन्हा मांडलेले. इतकी वर्षं थांबलेलं माझं काम होणार म्हणून मी तीन आठवडे खुशीत होते. हरेश त्या विकणाऱ्यांत भागीदार आहे हे त्याने बोर्डाला सांगितलं नव्हतं. कायद्याने सांगायला हवं. पण भाऊंना कळावं म्हणून चौकाचौकात छापून लावलं होतं. आमच्याकडे असंच असतं. लपवायचं ते कागदावर लपवतात आणि मिरवायचं ते फ्लेक्सवर मिरवतात, आणि दोन्ही एकच आहे हे विसरतात.

हा फ्लेक्स आमच्याच कोपऱ्यावर महिनाभर लटकत होता. मी रोज त्याच्याखालून रिक्षा पकडली. गुप्तेबाईंनी पहिल्याच सकाळी वाचला असता. मला पापड्या घालाव्या लागल्या.

आज सोमवार. सकाळी पापड्या उलटल्या. मग स्वयंपाकघरातली कात्री नेऊन खालची पट्टी कापली, ओल्या फडक्याने पुसली, गुंडाळून पर्समध्ये घातली आणि अंबरनाथला गेले. सभेत पहिला विषय निघाला. हरेश म्हणाला, “ये तो नीला मॅडम का ही बेबी है. आकडे आपने सब देखे हैं. मंजूर?” माना हलल्या. मी पट्टी टेबलावर उलगडली. तिला अजून साबुदाण्याचा वास होता.

“आकडे माझेच आहेत आणि बरोबर आहेत,” मी म्हणाले. “जमीन कोणाची आहे?”

 निवृत्त बँक मॅनेजर असलेल्या कुलकर्णी सरांनी पट्टी जवळ ओढली आणि चष्मा लावला.

“हरेश, तुमचा यात भाग आहे. तो आधी बोर्डाला सांगायचा आणि या विषयापुरतं बाहेर बसायचं. आणि तुम्ही बाहेर बसलात तरी माझं मत नाही असंच आहे. भाऊंच्या पाटीवर मी कंपनीचं कर्ज काढणार नाही.”

माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक आला, पण आला.

हरेशचे कान लाल झाले. मग तो हसला, बापासारखा हसायचा प्रयत्न केला. “क्या मॅडम. आज एकदम गुप्ते मॅडम झालात!”

बाकीचेही हसले. कुलकर्णी सर मान डोलवत म्हणाले, “खरंच हो. बाईंची आठवण झाली.”

गुप्तेबाईंच्या जागी आता रेश्मा बसते. ती लॅपटॉपवर बोटं ठेवून माझ्याकडे बघत होती.

“विरोध नोंदव,” मी म्हणाले. “आणि नाव नीट लिही. नीला पेठे.”